नावात नीती नसलेली नीतिकथा : लॅटिनमधील 'फाबुला'

मराठी वाचकाला इसाप भेटतो तोच मुळी उपदेशाचे उपरणे पांघरून. तंजावरला सरफोजीराजांच्या आश्रयाने एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात इसापाच्या गोष्टी मराठीत छापल्या गेल्या, तेव्हा त्या पुस्तकाला 'बालबोधमुक्तावली' असे नाव देण्यात आले. पुढे 1828 साली सदाशिव काशिनाथ छत्रे यांनी केलेल्या भाषांतराचे नाव होते 'इसापनीतिकथा'. एका नावात बोध आहे, दुसऱ्यात नीती आहे. पंचतंत्र आणि हितोपदेश यांवर पोसलेल्या वाचकाला प्राण्यांची गोष्ट म्हटली की तिच्या शेवटी तात्पर्य असणारच, असे वाटणे स्वाभाविक होते, आणि भाषांतरकारांनी नाव ठेवताना हीच अपेक्षा ध्यानात घेतली असावी.

युरोपातील भाषांमध्ये मात्र याच गोष्टींना जे नाव मिळाले, ते अगदी वेगळ्या मुशीतले आहे. इंग्रजीतील 'फेबल', फ्रेंचमधील 'फाब्ल', इटालियनमधील 'फावोला', जर्मनमधील 'फाबेल' हे सारे शब्द लॅटिनमधील 'फाबुला' या एकाच शब्दापासून आले आहेत, आणि या शब्दाची फोड कितीही बारकाईने केली तरी तिच्यात नीती, उपदेश किंवा प्राणी यांपैकी काहीही सापडत नाही. सापडते ते फक्त बोलणे. बोलण्याचे नाव बोधाच्या गोष्टीला कसे चिकटले, आणि चिकटल्यावरही त्या नावाला लागलेला थापेचा वास का गेला नाही, हे समजून घ्यायचे तर आधी मूळ धातूकडे जावे लागते.

बोलण्याचे साधन

लॅटिनमध्ये 'फारी' असे एक जुने क्रियापद आहे. त्याचा अर्थ बोलणे, तोंडावाटे शब्द उच्चारणे. रोजच्या बोलण्यासाठी रोमन लोक दुसरी क्रियापदे वापरत. 'फारी' हे काहीसे भारदस्त, काव्यात आणि धर्मविधीत शोभणारे होते. त्याला 'बुला' हा प्रत्यय लागून 'फाबुला' तयार झाला. हा प्रत्यय साधन किंवा स्थान दाखवतो. ज्याने हाक मारायची, म्हणजे ज्याने एखाद्या वस्तूला संबोधायचे, ते 'वोकाबुलुम', म्हणजे नाम किंवा शब्द. जिथे जनावर उभे करायचे ते 'स्ताबुलुम', म्हणजे तबेला. मराठीत लिहिण्याच्या साधनाला आपण 'लेखणी' म्हणतो आणि चाळण्याच्या साधनाला 'चाळणी', तसाच हा प्रकार आहे. तेव्हा 'फाबुला' म्हणजे, शब्दशः पाहिले तर, बोलणे ज्याच्या आधाराने चालते ती वस्तू. बोलण्याचा विषय म्हणा किंवा बोलण्यातून उभी राहिलेली गोष्ट म्हणा.

'फारी'चे गोत मोठे आहे आणि त्यातील बरेच शब्द मराठी वाचकाच्या कानावर इंग्रजीमार्फत रोज पडत असतात. ज्याला अजून बोलता येत नाही तो 'इन्फान्स', त्यावरून इंग्रजीतील 'इन्फन्ट'. देवाने एकदा बोलून ठेवले ते 'फातुम', म्हणजे नियती; त्याचे अनेकवचन 'फाता' पुढे स्त्रीलिंगी एकवचन समजले गेले, त्याला फ्रेंचमध्ये 'फे' असे रूप आले आणि तिथून इंग्रजीत 'फेअरी', म्हणजे परी, अवतरली. लोक ज्याच्याविषयी बोलतात ती 'फामा', म्हणजे कीर्ती आणि अफवा दोन्ही. ग्रंथाच्या आधी बोलायचे ते 'प्राएफातिओ', म्हणजे प्रस्तावना. जाहीरपणे बोलून मान्य करणे या अर्थाचे 'फातेरी' हे क्रियापदही याच घरातले, आणि कबुलीजबाबाचे 'कन्फेशन' व महाविद्यालयातील 'प्रोफेसर' हे दोघेही त्याच्यापासून निघालेले आहेत.

भाषाशास्त्रज्ञ या धातूचा माग आणखी मागे, इंडो-युरोपीय मूळ भाषेपर्यंत नेतात. ज्या शब्दाच्या आरंभी संस्कृतात 'भ' असतो, त्याच्या लॅटिन भावंडात बहुधा 'फ' येतो आणि जर्मानिक व स्लाव भाषांत 'ब' येतो: संस्कृत 'भ्रातृ', लॅटिन 'फ्रातेर', इंग्रजी 'ब्रदर', रशियन 'ब्रात' ही त्याची सर्वपरिचित साखळी. हाच नियम 'फारी'ला लावला, तर ग्रीकमध्ये 'फेमी' (मी म्हणतो) मिळतो, आणि रशियन भाषेत नीतिकथेला 'बास्न्या' म्हणतात तो शब्द याच कुळात येऊन बसतो. संस्कृतात या धातूचा प्रतिनिधी 'भन्', पुढे 'भण्', असा मानला जातो. प्राकृतात त्याचे 'भणइ' झाले आणि मराठीत तो 'म्हणणे' होऊन आला. म्हणजे आपली 'म्हण' आणि रोमनांची 'फाबुला' या दूरच्या का होईना, पण चुलत बहिणी ठरतात. दोघींच्या नावांत 'म्हटलेले' एवढाच अर्थ आहे; शहाणपण दोघींनी पुढे स्वतःच्या कष्टाने मिळवले.

एक गोंधळ इथेच निस्तरून टाकणे बरे. लॅटिनमध्ये 'फबा' म्हणजे एक प्रकारचा घेवडा, आणि त्याचे लघुत्वदर्शक रूप 'फबुला', म्हणजे लहानसा दाणा. नाटककार प्लाउतुस याच्या एका प्रहसनात गुलामांच्या छोटेखानी मेजवानीत अक्रोड, अंजीर आणि ऑलिव्ह यांच्या जोडीने हे दाणेही ताटात आहेत. रोमन लिपीत दोन्ही शब्द सारखेच लिहिले जातात; देवनागरीत मात्र 'फाबुला' आणि 'फबुला' असा ऱ्हस्व-दीर्घाचा फरक सरळ दिसतो. त्यामुळे नीतिकथेत ज्ञानाचे बीज असते म्हणून तिला 'दाणा' म्हटले, असे कोणी सांगितल्यास ते ऐकायला गोड असले तरी सोडून द्यावे. जाता जाता एवढे सांगता येईल की ब्राझीलमधील झोपडपट्ट्यांना 'फावेला' म्हणतात, तो शब्द या घेवड्याच्या बाजूचा आहे, कथेच्या बाजूचा नव्हे. त्या नावाची एक वनस्पती असलेल्या टेकडीवरून ते नाव पसरले.

या व्युत्पत्तीची नोंद करणाऱ्या जुन्या लेखकांत मार्कुस तेरेंतिउस वारो याचे नाव अग्रभागी येते. इ.स.पू. पहिल्या शतकातल्या या प्रकांड पंडिताने लॅटिन भाषेवर मोठा ग्रंथ लिहून त्याचा बराचसा भाग प्रख्यात वक्ता किकेरो याला (इंग्रजी वळणाने सिसेरोला) अर्पण केला. त्यात तो म्हणतो की माणूस पहिल्यांदा अर्थपूर्ण आवाज तोंडातून काढतो, तेव्हा तो 'फातुर', म्हणजे बोलतो. तसे बोलू लागण्याआधी मुलांना 'इन्फान्तेस' म्हणतात. आणि याच मुळापासून नियती, कीर्ती व 'फाबुला' हे शब्द निघाले. वारोच्या सगळ्याच व्युत्पत्ती टिकलेल्या नाहीत. देवस्थानाला 'फानुम' म्हणतात तेही त्याने बोलण्याशी जोडले होते, आणि आजचे भाषाशास्त्र ते मानत नाही. 'फाबुला'च्या बाबतीत मात्र त्याचा नेम अचूक बसला. पण उदाहरण देताना तो काय म्हणतो ते पाहण्यासारखे आहे: 'फाबुला', म्हणजे शोकांतिका आणि सुखांतिका वगैरे. कोल्हा नाही, द्राक्षे नाहीत, तात्पर्य नाही. वारोला हा शब्द उच्चारताच रंगभूमी आठवते.

बाजारात, रंगमंचावर, पत्रात

रोममध्ये 'फाबुला' या शब्दाचा मुख्य धंदा खरोखरच नाटकाचा होता. इ.स.पू. 240 मध्ये लिविउस आंद्रोनिकुस याने ग्रीक नाटकाचे लॅटिन रूपांतर रोमच्या उत्सवात सादर केले, आणि तिथून पुढे लॅटिन नाटकाचे प्रकार सांगताना 'फाबुला' हेच सामान्य नाम झाले. ग्रीक धाटणीचे उपरणे, म्हणजे 'पाल्लिउम', अंगावर असलेल्या पात्रांची ती 'फाबुला पाल्लिआता'. रोमन तोगा, म्हणजे अंगाभोवती गुंडाळायचे वस्त्र, नेसलेल्या पात्रांची ती 'तोगाता'. काठाचा तोगा नेसणाऱ्या अधिकाऱ्यांच्या आणि रोमन इतिहासातील प्रसंगांवरची ती 'प्राएतेक्स्ता'. नाटकाचे वर्गीकरण पोशाखावरून करणारी ही पद्धत मजेशीर आहे खरी, पण आपल्या विषयापुरता मुद्दा एवढाच की नाटक हे बोलून दाखवण्याचे असल्यामुळे त्याला हे नाव चपखल बसले.

बोलीत या शब्दाला आणखी हलक्या छटा होत्या. शहरात ज्याच्या प्रेमप्रकरणाची कुजबुज चालते तो माणूसच 'फाबुला' होतो. कवी होरेस एका कवितेत आपण सगळ्या शहरात केवढी 'फाबुला' झालो होतो, अशी लाज व्यक्त करतो. तेरेंस या नाटककाराच्या एका सुखांतिकेत गुलाम दुसऱ्यांचे म्हणणे 'फाबुलाए!' एवढ्या एकाच शब्दात उडवून लावतो, म्हणजे 'सगळ्या थापा!'. त्याच्याच दुसऱ्या एका नाटकात एक वृद्ध गृहस्थ म्हणतो की तरुणांना आपले वय आवडत नाही, आपण बाजूला व्हावे हे बरे, आपण आता गोष्टीतले झालो, 'म्हातारा आणि म्हातारी'. या ओळीवर थोडे थांबावे असे मला वाटते. 'एक होता म्हातारा आणि एक होती म्हातारी' असा आरंभ असलेल्या गोष्टी दोन हजारांहून अधिक वर्षांपूर्वी रोममध्येही सांगितल्या जात असाव्यात, आणि प्रेक्षकांना त्या इतक्या पाठ असाव्यात की नुसती दोन नावे घेतली तरी पुरे होत असे, असे त्या ओळीवरून दिसते. लिखित साहित्याने ज्यांची फारशी दखल घेतली नाही, त्या घरगुती गोष्टींचा एवढा स्पष्ट कवडसा क्वचितच मिळतो.

'लुपुस इन फाबुला', म्हणजे 'बोलण्यातला लांडगा', हा वाक्प्रचारही इथलाच. एखाद्याविषयी बोलणे चालू असताना तोच दारात उभा राहिला की रोमन माणूस हे शब्द उच्चारत असे. आपण अशा वेळी 'शंभर वर्षे आयुष्य आहे' म्हणून स्वागत करतो. रोमनांना लांडगा आठवत असे. याचे एक स्पष्टीकरण रोमन कवी वर्जिल याच्या प्राचीन टीकाकारांनी दिले आहे: लांडग्याने माणसाला आधी पाहिले तर माणसाची वाचा बसते, अशी समजूत होती, आणि ज्याच्याविषयी बोलत होतो तो समोर आला की बोलणारे तसेच गप्प होतात. इथे 'फाबुला'चा अर्थ नीतिकथा असा मुळीच नाही. चाललेले संभाषण एवढाच आहे. किकेरोने आपला मित्र आत्तिकुस याला इ.स.पू. 45 मध्ये लिहिलेल्या एका पत्रात हा वाक्प्रचार सहज वापरला आहे: आम्ही एकाविषयी बोलत होतो, आणि बोलण्यातला लांडगा, तो आलाच. योगायोग असा की अवचित उगवलेला तो पाहुणा म्हणजे 'फाबुला'ची व्युत्पत्ती सांगणारा वारो.

खोटी गोष्ट, पण कशासाठी?

वक्तृत्वशास्त्राच्या शाळांमध्ये या सैल शब्दाला चौकट मिळाली. इ.स.पू. पहिल्या शतकाच्या आरंभीच्या पाठ्यग्रंथांत आणि किकेरोच्या तरुणपणीच्या एका पुस्तकात कथनाचे तीन प्रकार सांगितले आहेत. खरोखर घडलेले, पण आपल्या काळापासून दूरचे, ते 'हिस्तोरिआ'. घडलेले नाही, पण घडू शकले असते, ते 'आर्गुमेंतुम'. सुखांतिकेचे कथानक या वर्गात येते. आणि जे खरेही नाही व खऱ्यासारखेही नाही, ती 'फाबुला'. किकेरो तिचे उदाहरण म्हणून एका शोकांतिकेतील रथाला जुंपलेल्या पंखवाल्या प्रचंड सर्पांची ओळ देतो. या व्याख्येने 'फाबुला'वर असत्याचा शिक्का अधिकृतपणे बसला. सातव्या शतकाच्या आरंभी सेव्हिलचा बिशप इसिडोर याने आपल्या कोशवजा ग्रंथात हीच गोष्ट शब्दांच्या खेळातून मांडली: कवींनी 'फाबुला' हे नाव बोलण्यावरून ठेवले, कारण या गोष्टी घडलेल्या नसतात, नुसत्या बोलण्यात घडवलेल्या असतात. लॅटिनमध्ये 'घडलेल्या' आणि 'घडवलेल्या' यांसाठी त्याने वापरलेल्या 'फाक्ताए' आणि 'फिक्ताए' या शब्दांत एका स्वराचाच काय तो फरक आहे, आणि मराठीत तो खेळ सुदैवाने जसाच्या तसा उतरतो.

हे सारे 'फाबुला'च्या विरोधात जाते असे वाटेल. परंतु इसापाच्या गोष्टींना याच व्याख्येने जागा करून दिली. बोलणारा कोल्हा खरा नाही आणि खऱ्यासारखाही नाही, हे पाच वर्षांच्या मुलालाही कळते. म्हणून या गोष्टी कोणालाही फसवू शकत नाहीत. पहिल्या शतकातील थेओन या ग्रीक शिक्षकाने याचे सूत्र बांधले, आणि ते आजवर कोणाला सुधारता आलेले नाही, असे माझे मत आहे: नीतिकथा म्हणजे सत्याचे चित्र दाखवणारे खोटे कथन. थेओनसारख्या शिक्षकांच्या हाताखाली मुले इसापाची गोष्ट ऐकत, तीच आपल्या शब्दांत लिहीत, कधी लांबवीत, कधी आखडती घेत, आणि शेवटी तिच्यावरून एक वाक्याचा निष्कर्ष जोडीत. आपल्या पाठ्यपुस्तकांत जाड ठशात छापले जाणारे 'तात्पर्य' हे मूळचे या लेखनाभ्यासाचे अंग होते. गोष्टीच्या आधी आले तर त्याला ग्रीक संज्ञेनुसार 'प्रोमिथिऑन' म्हणत, नंतर आले तर 'एपिमिथिऑन'. आणि आधी येणारे वाक्य मुळात वक्त्याला आपल्या प्रसंगाला साजेशी गोष्ट चटकन सापडावी म्हणून लिहिलेली खूण असावी, असे अभ्यासकांचे मत आहे. म्हणजे तात्पर्य हा गोष्टीचा आत्मा नसून तिच्यावर लावलेली चिठ्ठी होती, आणि एकाच गोष्टीवर वेगवेगळ्या हातांनी वेगवेगळ्या चिठ्ठ्या लावलेल्या आढळतात.

लॅटिनमध्ये या गोष्टींचा स्वतंत्र संग्रह पद्यात रचणारा पहिला ज्ञात कवी म्हणजे फेड्रस. हस्तलिखितांतील शीर्षकानुसार तो सम्राट ऑगस्टसचा मुक्त केलेला गुलाम होता. त्याने पाच पुस्तके लिहिली आणि पहिल्याच्या आरंभी सांगून टाकले की इसापाला सापडलेली सामग्री मी सहा गणांच्या ओळींत घासूनपुसून मांडली आहे. या पुस्तिकेची देणगी दुहेरी आहे, ती हसवते आणि शहाणा सल्ला देऊन जगण्याबद्दल सावध करते. आणि पशूच काय, झाडेही बोलतात म्हणून कोणाला दोषारोप करायचा असेल, तर त्याने एवढे लक्षात ठेवावे की आम्ही 'रचलेल्या' गोष्टींतून थट्टा करीत आहोत. या प्रास्ताविकानंतर लगेच येणारी पहिली गोष्ट लांडगा आणि कोकरू यांची आहे.

ही गोष्ट आपल्याला लहानपणापासून पाठ असते, म्हणून तिच्या बांधणीकडे दुर्लक्ष होते. तहानेने दोघेही एकाच ओढ्यावर आलेले. लांडगा वरच्या अंगाला, कोकरू बरेच खालच्या अंगाला. लांडगा विचारतो, मी पीत असलेले पाणी तू गढूळ का केलेस? कोकरू भीत भीत उत्तर देते की पाणी तुमच्याकडून माझ्याकडे वाहते आहे. वस्तुस्थितीपुढे निरुत्तर झालेला लांडगा म्हणतो, सहा महिन्यांपूर्वी तू मला शिव्या दिल्या होत्यास. कोकरू म्हणते, तेव्हा माझा जन्मही झाला नव्हता. मग तुझ्या बापाने दिल्या असतील, असे म्हणून लांडगा झडप घालतो आणि त्याला फाडून टाकतो. शेवटी फेड्रस आपले वाक्य जोडतो: जे रचलेली कारणे पुढे करून निरपराधांना चिरडतात, त्या माणसांसाठी ही 'फाबुला' लिहिली आहे. या वाक्यातील 'रचलेली' हे विशेषण आणि प्रास्ताविकात कवीने आपल्या गोष्टींना लावलेले विशेषण लॅटिनमध्ये एकच आहे. लांडगाही रचतो आणि कवीही रचतो. फरक इतकाच की कवी ते आधीच कबूल करून मोकळा होतो, आणि लांडगा आरोपपत्र वाचल्याच्या सुरात बोलतो. हा खेळ फेड्रसने जाणूनबुजून केला असावा असे मला वाटते, कारण तिसऱ्या पुस्तकाच्या आरंभी तो याच धाग्याकडे परत येतो.

तिथे तो हा कथाप्रकार का शोधला गेला याचे कारण सांगतो. गुलामाला शिक्षेचे भय असते. जे बोलायचे ते बोलण्याची त्याची छाती होत नाही. म्हणून त्याने आपल्या मनातले भाव छोट्या गोष्टींत उतरवले आणि रचलेल्या थट्टेच्या आडून खोट्या आरोपांना चकवले. इसाप स्वतः गुलाम होता अशी परंपरा होती, आणि सांगणारा फेड्रसही गुलामगिरीतून आलेला. याच ठिकाणी तो सम्राट तिबेरिउसचा बलाढ्य सहकारी सेजानुस याच्याकडून आपल्याला झालेल्या त्रासाचा उल्लेख करतो आणि म्हणतो की आरोप करणारा, साक्षीदार आणि न्यायाधीश हे तिघे सेजानुसखेरीज वेगळे कोणी असते, तर मी शिक्षेला पात्र आहे हे मान्य केले असते. ओढ्यावरच्या लांडग्याने तरी वेगळे काय केले होते? ज्याला बोलण्याचा अधिकार नाही, त्याने नुसत्या बोलण्याच्या नावाचा आसरा घ्यावा, हे 'फाबुला' या शब्दाच्या इतिहासातले सर्वांत धारदार वळण आहे. रोमच्या उच्चभ्रू साहित्यविश्वाने मात्र फेड्रसची फारशी दखल घेतली नाही. तत्त्वज्ञ सेनेका कोर्सिका बेटावर हद्दपारीत असताना दरबारातील एका मातब्बर मुक्त गुलामाला इसापी गोष्टी लिहिण्याची सूचना करतो आणि वर म्हणतो की रोमन प्रतिभेने हा प्रकार अजून हाताळलेला नाही.

मात्र नीतिकथा ही नेहमी दुबळ्यांच्याच बाजूने लढते, असा निष्कर्ष काढण्याची घाई करू नये. लिवी हा इतिहासकार इ.स.पू. 494 मधला प्रसंग सांगतो. कर्जाच्या जाचाने संतापलेले सामान्य नागरिक रोम सोडून एका टेकडीवर जाऊन बसले, तेव्हा सरदारवर्गाने मेनेनिउस अग्रिप्पा याला समजूत घालायला पाठवले. त्याने गोष्ट सांगितली ती अशी: शरीराच्या अवयवांना वाटले की आपण राबतो आणि पोट आयते खाते, म्हणून हातांनी घास उचलायचा नाही, तोंडाने तो घ्यायचा नाही, दातांनी चावायचा नाही, असा कट झाला, पोटाला धडा शिकवण्याच्या नादात सगळे शरीर खंगले, आणि पोटही सगळ्यांना रक्त पुरवते हे तेव्हा उमगले. गोष्ट चतुर आहे, पण तिचा कल उघडच पोटाच्या, म्हणजे सरदारांच्या, बाजूला आहे. नागरिक परतले खरे; परंतु लिवीच्याच सांगण्यानुसार त्याआधी त्यांना स्वतःचे लोकप्रतिनिधी, म्हणजे 'ट्रिब्यून', देण्याचा तह झाला. तेवढ्या गोष्टीवर पोट भरले नाही, असे म्हणायला हरकत नाही. वक्तृत्वाचा थोर शिक्षक क्विंटिलिअन हा प्रसंग उद्धृत करून सांगतो की अशा गोष्टींनी विशेषतः खेडवळ आणि अशिक्षित मने ओढली जातात. त्याच्या या वाक्यातला तुच्छतेचा सूर लपत नाही.

होरेसने एका वाक्यात या साऱ्या प्रकाराचे काम सांगितले आहे. पाण्यात उभा असूनही तहानलेल्या तांतालुसची कथा सांगत असताना ऐकणारा कृपण हसतो, तेव्हा कवी म्हणतो, हसतोस काय? नाव बदलले की ही 'फाबुला' तुझीच आहे. कार्ल मार्क्सने 1867 साली 'कॅपिटल'च्या प्रस्तावनेत जर्मन वाचकांना हेच लॅटिन शब्द ऐकवले, कारण इंग्लंडमधील कामगारांची स्थिती वाचून आपला तिच्याशी संबंध नाही, असे त्यांना वाटू नये.

राहिला प्रश्न 'नीती'चा. इंग्रजीत गोष्टीच्या तात्पर्याला 'मॉरल' म्हणतात, तो शब्दही लॅटिनच, पण 'फाबुला'पेक्षा कितीतरी तरुण. 'मोस' म्हणजे रीत, आणि अनेकवचनी 'मोरेस' म्हणजे आचार. ग्रीकमध्ये आचारविषयक तत्त्वज्ञानाला जे विशेषण होते त्याला लॅटिन प्रतिशब्द नव्हता; किकेरोने इ.स.पू. 44 मध्ये एका ग्रंथाच्या आरंभी, लॅटिन भाषा समृद्ध करायची तर या शाखेला 'मोरालिस' म्हणणे योग्य होईल, असे सांगून तो रूढ केला. तो ग्रंथ नियतीविषयीचा आहे, आणि त्याच्या शीर्षकात 'फातुम' आहे, म्हणजे 'फाबुला'चा सख्खा भाऊ.

'पाराबोला' आणि बोलीत विरलेली गोष्ट

ख्रिस्ती धर्माच्या प्रसारानंतर 'फाबुला'ला एक प्रतिस्पर्धी मिळाला. ग्रीकमधून आलेल्या 'पाराबोला' या शब्दाचा मूळ अर्थ शेजारी ठेवणे, म्हणजे तुलना. मराठीत त्याला 'दृष्टांत' हा शब्द नेमका बसतो. बायबलच्या लॅटिन अनुवादात येशूच्या बोधपर गोष्टींसाठी 'पाराबोला' वापरला गेला, आणि 'फाबुला' राहिला तो टाळण्याजोग्या भाकडकथांसाठी; तिमथीला लिहिलेल्या पहिल्या पत्रात म्हाताऱ्यांच्या निरर्थक 'फाबुलां'पासून दूर राहायला सांगितले आहे. दृष्टांतातला पेरणारा शेतकरी खऱ्या जगात असू शकतो, कोल्हा बोलू शकत नाही, असा भेद पुढे पंडितांनी केला. तो उपयोगी असला, तरी प्रतिष्ठेची वाटणी मुळात धर्मग्रंथातील वापराने झाली होती.

पुढे लोकांच्या तोंडी या दोन्ही शब्दांचे जे झाले ते पाहून वारोला समाधान वाटले असते. 'पाराबोला'पासून फ्रेंचमध्ये 'पारोल' आणि स्पॅनिशमध्ये 'पालाब्रा' आले, आणि दोन्हींचा अर्थ नुसता 'शब्द' असा आहे; त्याच्याच क्रियापदापासून फ्रेंच 'पार्ले', म्हणजे बोलणे, आणि तिथून 'पार्लमेंट'. 'फाबुला'चे क्रियापद 'फाबुलारी', म्हणजे गप्पा मारणे, स्पेनमध्ये 'आब्लार' झाले आणि पोर्तुगालमध्ये 'फालार'. गोव्यात पोर्तुगीज अमदानीत शाळेत गेलेल्या पिढीला 'फालार' हा शब्द बोलणे याच अर्थाने ओळखीचा होता. अशा रीतीने बोलण्यापासून निघालेली गोष्ट पुन्हा बोलण्यात जाऊन मिळाली.

ग्रंथांतली 'फाबुला' तोवर मठांतल्या शाळांत तगून होती. चौथ्या-पाचव्या शतकाच्या सुमारास आविआनुस याने रचलेल्या 42 पद्यकथा आणि 'रोमुलुस' या नावाने फिरणारा एक गद्य संग्रह, यांवर मध्ययुगातील मुले लॅटिन शिकली. 'रोमुलुस'मधील बराचसा ऐवज फेड्रसच्या पद्यांचाच मोडून केलेला होता, परंतु फेड्रसचे नाव त्यावर नव्हते. त्याची पद्ये त्याच्या नावासह पहिल्यांदा छापली गेली ती 1596 साली, फ्रान्समधील त्रॉय येथे, पिएर पिथू या विद्वानाने एक जुने हस्तलिखित हाती लागल्यावर.